चौदाव्या मैलावरचा झेंडा

मी झेंडा बोलतोय. उठू नका. छाती पुढे काढू नका, आणि सलामी तर मुळीच ठोकू नका. तुमच्या मनात जो येतो, तसला झेंडा मी नाही. माझ्यासाठी कोणी लाठ्या खाल्ल्या नाहीत, कोणाच्या शवपेटीवर मला कधी पांघरलं नाही. एका मालवाहू जहाजाच्या मागच्या टोकाला मी बांधलेला असायचो. मी विकत घेतलेला झेंडा आहे.

सध्या माझा मुक्काम नागपुरात, हुडकेश्वरला आहे. इथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो कोस लांब. तरी मी इथे कसा आलो आणि माझ्या अंगाची अशी आग का होते, ते सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या बंदरामागच्या गल्लीत झाला. जहाजांना दोरखंड, रंग, तांदूळ, साबण पुरवणारं एक दुकान होतं. त्याच्या माळ्यावर एक बाई यंत्रावर झेंडे शिवायची. सकाळी एका देशाचा, दुपारी दुसऱ्याचा. कापड तेच, धागा तोच. माझा देश कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. छोटासा देश आहे. नाव सांगत नाही. तिथल्या गरीब माणसांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

मग मला एका जहाजानं घेतलं. त्या जहाजाचा मालक एका देशात राहायचा, कारभार दुसऱ्या देशातून चालायचा, कॅप्टन तिसऱ्या देशाचा आणि खलाशी आपल्याकडचे. माझ्या देशाचा त्यावर एक माणूस नव्हता. जहाज माझ्या देशाच्या बंदराला कधी लागलं नव्हतं, तरी त्या बंदराचं नाव मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात रंगवलेलं. माझ्या देशात कर कमी, चौकशा कमी, विचारणारं कोणी नाही. म्हणून माझी निवड झाली. लग्नात भाड्यानं फेटा आणतात ना, तसा मला आणला होता.

समुद्राचा नियम असा आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत त्या किनाऱ्याच्या देशाचं पाणी. त्याच्या पुढे जहाज मोकळं. तिथे जहाजावर हुकूम चालतो तो ज्याचा झेंडा असेल त्या देशाचा. म्हणजे माझा. भर समुद्रात ते अजस्र लोखंड, त्यावरची माणसं, त्यांचे गुन्हे, त्यांची भांडणं, सगळं माझ्या पदराखाली.

हा नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एकदा त्यानंच आमचे जीव वाचवले. एका चिंचोळ्या समुद्रातून जाताना तिथल्या देशाची बंदूक लावलेली बोट आम्हाला आडवी आली. आम्ही काही केलं नव्हतं. त्या देशाचं दुसऱ्या कोणाशी तरी बिनसलं होतं आणि वाटेत सापडेल ते जहाज ओढून न्यायचा त्यांनी सपाटा लावला होता. आमचे खलाशी भिंतीला पाठ लावून बसले. कॅप्टन रेडिओवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "आम्ही मोकळ्या पाण्यात आहोत, आमचा झेंडा पाहा." ती बोट बराच वेळ आमच्या बाजूनं चालली, मग वळून गेली. त्या दिवशी मी ताठ झालो होतो. वाटलं, आपण काहीतरी आहोत.

संध्याकाळी मला उतरवायला प्रज्वल आला. मला चढवणं-उतरवणं हे त्याचंच काम. नागपूरचा मुलगा. वडील चंपतराव पूर्वी हातमागावर विणायचे, मग बुटीबोरीच्या कापड गिरणीत लागले. घरात कोणी समुद्र पाहिलेला नाही. प्रज्वलनं माझी घडी घालताना मला थोपटलं आणि हसून म्हणाला, "वाचवलं गा तुनं."

गा म्हणजे त्यांच्याकडे आपल्या माणसाला मारायची हाक. मला कोणी आपलं म्हटलेलं ते पहिल्यांदाच.

आता त्या सकाळचं सांगतो. आम्ही कोकणच्या किनाऱ्यावरून चाललो होतो. किनारा चौदा मैलांवर. ऊन वर आलं होतं, पाण्यावर मात्र धुकं होतं. प्रज्वल वरच्या मजल्यावर टेहळणीला उभा होता. जहाज चालवायच्या खोलीत स्वतः कॅप्टन होता आणि फोनवर मालकाशी बोलत होता. पुढच्या बंदरात उशीर होणार म्हणून मालक त्याला झापत होता.

प्रज्वल ओरडला, "पुढे बोट आहे! उजवीकडे, मासेमारीची बोट!"

कॅप्टननं हातानं थांब अशी खूण केली आणि बोलत राहिला. प्रज्वल पुन्हा ओरडला. मी मागच्या टोकाला होतो, तरी मला ऐकू आलं. त्याला ऐकू आलं नसेल असं म्हणूच नका.

आमच्यासारख्या जहाजाला लाकडी बोट आपटली तर धक्कासुद्धा जाणवत नाही. चहाच्या पेल्यातला चहा हलला नाही. माझ्या खालून मात्र फळ्या वाहत गेल्या, जाळं गेलं, निळं पिंप गेलं. आणि मग माणसं दिसली. तीन होती. मराठीत ओरडत होती.

"थांबवा रं! भाऊ बुडतोय, थांबवा!"

प्रज्वल जिन्यावरून धडपडत मागे धावत आला. कठड्याला अडकवलेलं, बुडणाऱ्यानं धरून तरंगायचं नारिंगी कडं त्यानं ओरबाडून काढलं आणि जिवाच्या आकांतानं फेकलं. "धरा गा! धरा, सोडू नका गा!" त्याचा घसा फाटत होता. एका माणसाचा हात कड्याला लागलेला मी पाहिला. बाकी दोघं मला पुन्हा दिसले नाहीत.

तो तसाच वर पळाला. कॅप्टनच्या पुढे हात जोडले. "साहेब, जहाज वळवा. माणसं आहेत पाण्यात."

कॅप्टन नकाशाकडे पाहत होता. "चौदा मैल," तो म्हणाला. "आपण हद्दीच्या बाहेर आहोत. वेग कमी करायचा नाही."

मी हे शब्द विसरलेलो नाही. बुडणाऱ्या माणसाला मदत करायची, हाही समुद्राचाच कायदा आहे. जवळपास सगळ्या देशांनी सह्या केल्यात. पण कॅप्टननं मदत केली नाही तर त्याला जाब कोण विचारणार? पुन्हा माझाच देश. ज्या देशानं ते जहाज डोळ्यांनी पाहिलेलं नाही तो! कॅप्टनला हे पक्कं माहीत होतं. चौदा मैल म्हणताना त्याचा आवाज कापला नाही. त्याला खात्री माझी होती. दोन माणसं मागे बुडत होती आणि मी त्यांच्या डोक्यावर फडफडत होतो. कापडाला दात असते तर त्या दिवशी मी माझीच दोरी चावून तोडली असती.

तिसरा माणूस वाचला. दुसऱ्या बोटीनं त्याला उचललं तेव्हा तो कड्याला मिठी मारून होता, आणि त्या कड्यावर आमच्या जहाजाचं नाव होतं. प्रज्वलनं फेकलेल्या कड्यानंच जहाज पकडून दिलं. तटरक्षक दलानं आम्हाला अडवून बंदरात आणलं.

मला वाटलं, आता न्याय होईल. मी किती भोळा होतो!

पोलीस जहाजावर आले. कॅप्टननं जबाब दिला की टेहळणीवरच्या खलाशानं बोट पाहिली नाही, मला काही सांगितलं नाही, आणि टक्कर झालेलीही आम्हाला कळली नाही. दुसऱ्या अधिकाऱ्यानं मान डोलावली. कंपनीचे वकील गाड्यांमधून उतरले. त्यांनी जहाजावर चढताच माझ्याकडे बोट दाखवलं. एक जण म्हणाला, "हा फाटलाय. कोर्टाची माणसं येणार आहेत, नवा लावा."

हे काम प्रज्वललाच सांगितलं. त्यानं नवा चढवला, मला उतरवलं, आणि समुद्रात फेकायच्या ऐवजी आपल्या बॅगेत कोंबलं. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच दुपारी त्याला अटक झाली. कॅप्टन वर कठड्याशी उभा राहून कॉफी पीत पाहत होता.

पुढचं मी नागपुरात ऐकलं. जामिनावर सुटून प्रज्वल घरी आला होता. रितिका वकीलबाई घरी येऊन समजावत होत्या आणि मी बॅगेच्या तळाशी होतो.

"काका, नीट ऐका," त्या चंपतरावांना म्हणाल्या. "टक्कर बारा मैलांच्या आत झाली असती तर सगळ्यांवर आपला कायदा चालला असता. ती बाहेर झाली. बाहेर टक्कर झाली तर खलाशावर किंवा कॅप्टनवर फौजदारी खटला दोनच देश चालवू शकतात. ज्या देशाचा झेंडा तो, नाहीतर तो माणूस ज्या देशाचा नागरिक तो. जहाज अडकवूनही ठेवता येत नाही. कोर्टानं कायदा वाचला आणि जहाज सोडलं. भरपाईचा दावा वेगळा चालेल."

"म्हणजे कॅप्टन गेला?"

"गेला. तो परदेशी, झेंडा परदेशी."

"आन माहा पोरगा?"

"प्रज्वल भारतीय आहे ना. त्याच्यावर आपल्याला खटला चालवता येतो."

मग चंपतरावांचा आवाज चढला. "म्हणजे याचा गुन्हा काय, तर हा इथला आहे! ज्यानं मारलं तो परका म्हणून सुटला, आन ज्यानं वाचवलं तो आपला म्हणून सापडला. चोर सोडून संन्याशाले फाशी! कोणता कायदा आहे हा, बाई?"

वकीलबाईंनी खाली पाहिलं. "कायदा असाच आहे, काका. खलाशांना कोणत्याही देशानं उगाच उचलून नेऊ नये म्हणूनच तो केला होता."

बॅगेच्या अंधारात मी जळत होतो. खलाशांसाठी केलेला कायदा! त्या कायद्याच्या आड कॅप्टन लपला, मालक लपला, आणि खलाशी तेवढा उघड्यावर राहिला. आडोसा तर माझाच होता.

प्रज्वलचं जहाजावर चढायचं कार्ड जप्त झालं. तो नागपूरबाहेरच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करू लागला. गल्लीत लोक कुजबुजायचे, समुद्रात माणसं मारून आला म्हणून. एका ओळखीच्या घरात त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, ती बंद पडली. तो घरी येऊन जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

एक दिवस त्याच्या आईनं, पुष्पलताबाईंनी, बॅग रिकामी केली आणि मी हाती लागलो. त्यांना वाटलं, जाड कापड आहे, बरं आहे. त्यांनी मला कूलरवर झाकण म्हणून टाकलं. प्रज्वल आला, त्यानं मला पाहिलं आणि खसकन ओढून अंगणात भिरकावलं.

"काहून फेकलं गा? चांगलं कापड आहे."

"आई, झेंडा आहे तो. त्या जहाजाचा."

पुष्पलताबाई जागच्या जागी थबकल्या. मग मला उचलून धुण्याच्या दगडावर घेऊन गेल्या. साबण नाही, काही नाही. नुसतं धोपटलं. "माह्या लेकराले खाल्लं तुनं! दोघा जणाले बुडवलं! कोणाचा आहे तू, सांग ना? कोणाचा आहे?" माझ्यातून मीठ निघत होतं, धुराची काजळी निघत होती, त्यांच्या हाताला फोड आले. मला राग आला नाही. इतक्या वर्षांत मला खरा प्रश्न विचारणारी ती पहिलीच बाई.

मग हिराजी आला. कड्याला धरून वाचलेला माणूस तो हाच. नुकसान त्याचं सगळ्यात मोठं. धाकटा भाऊ आणि मेव्हणा दोघंही गेले, त्यातल्या भावाचं तर प्रेतही मिळालं नाही. खटल्यात त्याची साक्ष व्हायची होती. त्याला सांगण्यात आलं होतं की टेहळणीवरचा नागपूरचा खलाशी झोपला होता, म्हणून टक्कर झाली. साक्षीच्या आधी त्या माणसाचं तोंड पाहायचं म्हणून तो एकटा गाडीत बसून इतक्या लांब आला होता.

दुपारची वेळ होती, सुट्टीचा दिवस. फाटकाशी उभा राहून त्यानं विचारलं, "प्रज्वल इथंच राहतो काय?"

"कोण जी आपण? आत या ना," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"पाणी प्यायला नाय आलो मी. त्याला भायेर बोलवा. माझा भाऊ खाल्लान त्यानं."

प्रज्वल बाहेर आला. हिराजीनं त्याची गचांडी धरली. चंपतराव मध्ये पडायला धावले, पण प्रज्वलनं हातानं त्यांना थांबवलं. तो सुटायची धडपड करत नव्हता.

"झोपला होतास? बोल! नजर कुठं होती तुझी?"

"झोपलो नव्हतो. दोनदा ओरडलो मी. त्यानं ऐकलं नाही." प्रज्वल म्हणाला. "मंग कडं फेकलं. एकच होतं हाताशी. तुमच्या भावाले लागलं असतं ना, थोडं डावीकडे फेकलं असतं तर... मी किती ओरडलो, धरा गा, सोडू नका गा..."

हिराजीची मूठ सैल झाली. तो प्रज्वलच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"पुन्हा बोल."

"काय?"

"काय ओरडलास ते पुन्हा बोल."

"धरा गा," प्रज्वल म्हणाला.

हिराजी मटकन पायरीवर बसला. "आमच्यात गा कोण बोलत नाय," तो म्हणाला. "इतके दिवस डोक्यात घुमतंय ते. म्हटलं, पाण्यात भास झाला. देव बोलला म्हटलं." आणि तो मोठ्यानं रडू लागला. प्रज्वल त्याच्या शेजारी बसला. पुष्पलताबाईंनी पाणी आणलं, या वेळी तो प्यायला.

अंगणातल्या दोरीवर मी वाळत होतो. हिराजीचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यानं मला ओळखलं, पाण्यातून वर पाहताना त्याला मीच दिसलो असणार. तो उठून माझ्याजवळ आला आणि माझ्यावर थुंकला. बरोबर केलं त्यानं.

कोर्टात हिराजीनं साक्ष दिली. सरकारी वकिलाला वाटलं होतं, हा आरोपीवर बोट ठेवेल. त्यानं बोट ठेवलं ते आरोपीशेजारच्या रिकाम्या जागेवर. "साहेब, ज्यानं मारलं तो इथं कुठं हाय? हा तर मला वाचवणारा हाय. याला उभा केलात, कारण तुमच्या हाताला हाच लागला." प्रज्वल सुटला.

कॅप्टनचं काय झालं विचारता? माझ्या देशानं चौकशी केली. एका इमारतीच्या एका खोलीत. हिराजीला कोणी बोलावलं नाही, प्रज्वलला फोनसुद्धा आला नाही. निष्कर्ष निघाला की टेहळणीवरच्या खलाशाची चूक, कॅप्टन निर्दोष. माझ्या नावानं हा निकाल लागला! जहाजाला नवा रंग दिला, नवं नाव दिलं, दुसऱ्याच एका देशाचा झेंडा लावला. ते आजही कुठल्या तरी किनाऱ्याजवळून जात असेल.

प्रज्वलला कार्ड परत मिळालं. मागच्या महिन्यात मुंबईच्या एका एजंटचा फोन आला, जहाज तयार आहे म्हणून. पुष्पलताबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "जाऊ नको गा." प्रज्वलला समुद्र हवा होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं फोनवर आधी एकच गोष्ट विचारली.

"झेंडा कोणाचा आहे?"

एजंट हसला. "असं कोणी विचारतं का? पगार विचार ना."

"काही झालं तर त्या देशात फोन उचलते कोण?"

फोन कट झाला. प्रज्वलनं दुसऱ्या एजंटला लावला. मग तिसऱ्याला. अजून तो विचारतोच आहे, आणि अजून त्याला कोणी उत्तर दिलेलं नाही. तो वाडीला जातो, परत येतो, आणि फोन लावतो.

मी तुम्हाला समुद्राला कुलूप लावा असं सांगत नाही. बंदूक लावलेली ती बोट मी विसरलेलो नाही. जहाजांना मोकळी वाट हवीच, कोणत्याही किनाऱ्यानं मनात येईल तेव्हा कोणाच्या तरी लेकराला उचलून नेऊ नये. पण वाट मोकळी ठेवायची म्हणजे माणूस चिरडून जायची मोकळीक नव्हे. ज्याला आपलं जहाज सांभाळायचं नाही, त्यानं आपला झेंडा विकू नये. आणि ज्याचा भाऊ बुडाला, त्याला ठोठावायला एक तरी दार ठेवा. चौदाव्या मैलावर माणूस बुडतो तो बाराव्या मैलाइतकाच बुडतो.

काल चंपतराव मला मांडीवर घेऊन बसले. हातात ब्लेड होतं. एकेक टाका ते उसवत गेले, पट्टा पट्ट्यापासून सुटत गेला. पुष्पलताबाई म्हणाल्या, "जाळून टाका ना." ते म्हणाले, "कापडाचा काय दोष वं?" अंधार पडला म्हणून त्यांनी काम थांबवलं. एक शिवण राहिली आहे. ती सुटली की मी कोणत्याच देशाचा नाही, पायपुसणं होईन, नाहीतर कूलरचं झाकण. ती आहे तोवर मला बोलता येतं, म्हणून हे सगळं बोललो.

सकाळ झाली आहे. चंपतराव चष्मा शोधत आहेत. त्यांना लवकर सापडू दे.